प्रसारणाची परिभाषा आणि श्रोत्याचे मोल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



'ब्रॉडकास्ट' हा इंग्रजी शब्द मुळात शेतीतला. बियाणे मुठीत घेऊन रानभर फोकून द्यायचे, अशा पेरणीला तो लावीत. रेडिओने तो उचलला तेव्हा त्यातला एक अर्थ कायम राहिला : बी साऱ्या रानावर पडते, निवडक सरीत नव्हे. मराठीत त्यासाठी 'प्रसारण' रूढ झाले. आजची मोबाइलवरील जाहिरात मात्र फोकून पेरलेली नसते. एकेकाची आवड हेरून ती टोकली जाते. तरी शब्द जुनाच चालू आहे. माध्यमांच्या धंद्यातील पुष्कळ संज्ञांचे असेच आहे. पैसा कोण देतो आणि त्या बदल्यात काय नेतो, हे त्या सांगत नाहीत.

'श्रोता' हाच शब्द घ्यावा. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची धारणा असल्यामुळे आकाशवाणीवर त्या गीतांना फारसा थारा उरला नाही. श्रोत्याने वाद घातला नाही. त्याने रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. तेथे त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि खर्च टूथपेस्टच्या जाहिरातीतून निघे. पळालेला श्रोता परत आणण्यासाठी १९५७ साली 'विविध भारती' निघाली. पुढे नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे ज्याला सुधारायचे म्हणून सरकारने हाकलले, त्याला बोलावून आणले आणि दहा वर्षांनी जाहिरातदाराच्या स्वाधीन केले. केसकरांचा हेतू शुद्ध होता हे मान्य करावे. परंतु श्रोत्याला काय हवे, हे त्यालाच विचारावे असे त्यांना वाटले नाही, आणि जाहिरातदाराला तर त्याची गरजच नव्हती.

माध्यमांनी निर्माण केलेला खरा विक्रीचा माल म्हणजे श्रोते व प्रेक्षक होत, असे कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइथ यांनी १९७७ साली मांडले. हे विधान प्रथम अतिरेकी वाटते. जाहिरातीचे दरपत्रक पाहिले की वाटेनासे होते. दहा सेकंद दुपारीही तेवढेच असतात आणि रात्रीही तेवढेच. रात्री नऊचा दर चढा असतो तो त्या वेळी संचासमोर बसलेल्या माणसांचा. ती माणसे मोजण्याचे माप म्हणजे टीआरपी. कोट्यवधी घरांच्या वतीने काही हजार घरांतील यंत्रे कौल देतात, आणि त्या कौलावर कोणता कार्यक्रम जगणार हे ठरते. मापात ढवळाढवळ झाल्याचे आरोप झाल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवावे लागले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. या काळात बातम्या काही सुधारल्या नाहीत, तो भाग निराळा.

'मोफत' हाही असाच फसवा शब्द. जाहिरातीचा खर्च साबणाच्या किमतीत मिळवलेला असतो. ज्याच्या घरी संच नाही, तो मजूरही वडी विकत घेताना हा कर भरतो. आणि या कराचा हिशेब कोणत्याही विधिमंडळात मांडला जात नाही.

१९८४ च्या जुलैत दूरदर्शनवर 'हम लोग' आली आणि 'प्रायोजित' हा शब्द घरोघरी पोचला. कुटुंबनियोजनाचा विचार रुजवावा हा मालिकेचा मूळ उद्देश होता. प्रेक्षकांना उपदेश रुचेना, तेव्हा पहिल्या काही भागांनंतर तो सौम्य करण्यात आला. प्रायोजकाच्या नूडल्सना मात्र मालिकेने घराघरांत नेले.

सरकारी प्रसारणाला 'स्वायत्तता' द्यावी असे वर्गीज समितीने १९७८ साली सुचवले. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अमलात आला तो १९९७ साली. निधी सरकारकडून यायचा आणि स्वायत्तता कागदावर राहायची, ही स्थिती त्यानंतरही टिकली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला होता. त्या मालमत्तेचे मालक कोठे बसतात, याचा शोध अजून लागायचा आहे!

कार्यकर्त्याला सर्वांत जवळून भेटणारा शब्द म्हणजे 'पॅकेज'. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर तो चव्हाट्यावर आला. उमेदवाराचे गुणगान करणारा मजकूर, अक्षरशः एकच, परस्परांच्या प्रतिस्पर्धी दैनिकांत छापला गेला होता. शिष्टसंमत भाषेत यालाच 'पेड न्यूज' म्हणू लागले. भारतीय प्रेस परिषदेने उपसमिती नेमली. परिषदेने २०१० साली संक्षिप्त अहवाल दिला. उपसमितीचा नावानिशी लिहिलेला सविस्तर अहवाल उघड व्हायला २०११ साल उजाडले. जाहिरात उमेदवाराच्या खर्चात दाखवावी लागते. बातमी दाखवावी लागत नाही. साऱ्या व्यवहाराची मेख येथे आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्या उमेदवाराची सभा कितीही मोठी झाली तरी तिची दोन ओळींची बातमी येत नाही, आणि वाचक समजतो की हा उभाच नाही.

अशा मजकुराची छाननी करण्यासाठी निवडणुकीच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत समिती असते. बातमी पैसे देऊन छापली असे ठरल्यास तिचा खर्च जाहिरातीच्या दराने उमेदवाराच्या हिशेबात धरता येतो. पैशाची पावती कोणी देत नाही, म्हणून तक्रारीला कात्रणांचाच आधार : दोन-तीन दैनिकांतील तोच मजकूर, तारीख आणि पान लिहून, वेळेवर समितीपुढे ठेवलेला. हे काम प्रत्येक तालुक्यात एका माणसाने प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून रोज करावयाचे आहे.