वळीव, अवकाळी आणि वाफसा : बेळगाव परिसरातील उन्हाळ्याची भाषा



सीमाभागातील बोली हा विषय फार मोठा आहे. त्यातला एक लहानसा तुकडा मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मार्च ते जून या चार महिन्यांतले हवामान बेळगाव आणि आसपासच्या शिवारात पिकांवर, गवतावर आणि जनावरांवर काय परिणाम करते, आणि तो परिणाम सांगण्यासाठी इथल्या मराठीजवळ कोणते शब्द आहेत, एवढाच माझा विषय. मी साहित्याचा अध्यापक आहे, कृषिशास्त्राचा नव्हे. पण माझ्या वर्गातली बरीच मुले शेतकऱ्यांची असतात. गेली काही वर्षे मी त्यांना उन्हाळी सुट्टीत एक काम देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पावसाचे, मातीचे आणि वैरणीचे शब्द विचारून ते वहीत लिहून आणायचे. आज मी जे बोलणार आहे त्याचा बराचसा भाग त्या वह्यांनी मला शिकवला आहे.

आधी प्रदेश समजून घेऊ. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीपासून अथणीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सुमारे दीडशे किलोमीटर भरते. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीत वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो बाराशे-तेराशेवर येतो आणि अथणीच्या बाजूला सहाशेच्याही खाली जातो. त्यामुळे घाटालगत आणि चंदगडच्या बाजूला भात, नाचणी आणि काजू. बेळगावभोवती भात, आणि भात निघाल्यावर मसूर, वाटाणा, हरभरा. पूर्वेच्या काळ्या जमिनीत ज्वारी, कृष्णाकाठी ऊस आणि अथणीकडे द्राक्षबागा अशी पिकांची मांडणी आहे. एकच उन्हाळा या पट्ट्यांत वेगवेगळ्या तऱ्हांनी उतरतो. म्हणून 'यंदा उन्हाळा कसा गेला?' या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात एक उत्तर कधीच नसते.

आता पहिला शब्द : वळीव. एप्रिल-मे महिन्यात जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा दुपारनंतर वर चढते आणि संध्याकाळी ढग गडगडू लागतात. जूनचा पाऊस पश्चिमेकडून येतो. वळीव मात्र बहुधा पूर्वेकडून चढतो. तो तासा-दीड तासात मोकळा होतो, एका गावाला झोडपतो आणि शेजारच्या गावात धूळही भिजवत नाही. मेमधला वळीव हा आमच्या शेतीच्या हिशोबात धरलेला पाऊस आहे. त्याच्यावर नांगरटीची ढेकळे फुटतात, कुळवणी सोपी होते, उसाचे एखादे पाणी वाचते, माळावर हिरवे कोंब दिसू लागतात.

वळीव हे एक घड्याळही आहे. उसाची आणि भुईमुगाची मुळे खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे पहिल्या जोरदार वळवानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. ते त्याच वेळी झाडे हलवून किंवा दिव्याच्या सापळ्याने गोळा केले तर पुढची पिढी थोपवता येते. आठ-पंधरा दिवस गेले की त्यांची अंडी जमिनीत गेलेली असतात. म्हणजे 'पहिला वळीव कधी झाला' हे ज्याने लक्षात ठेवले, त्याच्या उसाला त्याचा फायदा मिळतो. इथे शब्द आणि काम एकमेकांना बांधलेले आहेत.

दुसरा शब्द : अवकाळी. काळ सोडून आलेला. जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ दाटले आणि चार शिंतोडे पडले की काजूच्या मोहोरावर ढेकण्या कीड वाढते, आंब्यावर तुडतुडे आणि भुरी येते. मार्च-एप्रिलमध्ये अथणीकडे बेदाणा शेडमध्ये वाळत असतो. तेव्हा पाऊस आला की त्याचा रंग जातो आणि भाव पडतो. मळणीला आलेली ज्वारी काळी पडते, उघड्यावरचा कडबा कुजतो. हा खरा अवकाळी.

आता मुलांच्या वह्यांत मला जे दिसते ते सांगतो. आजी 'वळीव' म्हणते आणि तिचा नातू त्याच पावसाला 'अवकाळी' लिहितो. वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर मे महिन्यातल्या कोणत्याही पावसाला सरसकट 'अवकाळी' म्हटले जाते, तिथून तो शब्द मुलाकडे आला आहे. वरवर पाहता हा शब्दाचा बदल आहे, पण त्यातून एक निवाडा हरवतो. वेळेवर आलेला पाऊस आणि वेळ चुकवून आलेला पाऊस असा फरक भाषेने आपल्यासाठी करून ठेवला होता. दोन्हींना एकच नाव दिले की प्रत्येक पाऊस संकट वाटू लागतो, आणि जो खरोखर संकट आहे तो त्या गर्दीत दिसेनासा होतो.

याचे व्यवहारात काय होते? महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. प्रशासनाला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला समजते. पण आकडा पाऊस किती झाला ते सांगतो, कोणत्या अवस्थेतल्या पिकावर झाला ते सांगत नाही. बेदाण्याची नासाडी व्हायला पाच मिलिमीटर पुरतात. मेअखेर नांगरलेल्या रानात चाळीस मिलिमीटर झाले तर ते वरदान असते. शेतकऱ्याने अर्जात आपले नुकसान लिहायचे तर त्याच्या वाक्यात महिना, पिकाची अवस्था आणि पावसाची जात यावी लागते. ती आणायला शब्द हवेत. ज्याच्याजवळ 'पाऊस झाला, नुकसान झाले' एवढेच शब्द उरले आहेत, त्याचा अर्ज दुबळा होतो.

तिसरी जोडी : धूळवाफ आणि वाफसा. आमच्याकडे भाताची एक पद्धत अशी आहे की मेअखेरीस, पावसाच्या आधी, कोरड्या धुळीसारख्या मातीत कुरीने भात पेरायचे. हीच धूळवाफ पेरणी. मग पाऊस झाला की उगवण, आणि रोपे वर आली की कोळपणी. घाटाजवळ पाऊस जास्त, तिथे तरवा टाकून चिखलात रोप लागण करतात. धूळवाफेला माती कोरडी लागते. बाकीच्या पेरणीला वाफसा लागतो. वाफसा म्हणजे मातीची अशी स्थिती की ओल आहे, पण माती औताला चिकटत नाही. मातीची ही नेमकी अवस्था मराठीने एका शब्दात पकडली आहे. बोटांनी माती दाबून ती पारखता येते, त्याला यंत्र लागत नाही.

या दोन शब्दांच्या मधली दरी किती महाग पडते, ते अलीकडच्या दोन वर्षांनी दाखवले. २०२३ साली मान्सून केरळात १ जूनऐवजी ८ जूनला पोचला. त्याच सुमारास अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होते आणि जूनचा पुष्कळसा काळ आमच्याकडे कोरडा गेला. धूळवाफेवर टाकलेले बी एखाद्या हलक्या सरीने फुटले आणि पुढे ओल न मिळाल्याने करपले, की दुबार पेरणी आली. त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशभराच्या सरासरीत १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि कर्नाटकातले बहुसंख्य तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. २०२५ साली नेमके उलट घडले. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. वळीव कुठे संपला आणि मान्सून कुठे सुरू झाला, हेच कळेना. माती धुळीची राहिली नाही, म्हणून धूळवाफ साधेना. पाऊस उघडेना, म्हणून वाफसाही येईना. 'उघडीप' हा शब्द तेव्हा आमच्या शिवारात जितका ऐकू आला तितका क्वचितच आला असेल. एका वर्षी पावसाची वाट पाहायची आणि दुसऱ्या वर्षी उन्हाची, अशी ही तऱ्हा.

आता गवताकडे आणि जनावरांकडे वळू. शेतीवर बोलताना आपण धान्यावर थांबतो, पण उन्हाळ्याचा पहिला फटका वैरणीला बसतो. पश्चिमेकडे भाताचे पिंजर आणि डोंगरावरचे वाळलेले गवत, पूर्वेकडे ज्वारीचा कडबा आणि उसाच्या गळीत हंगामात वाडे, असा चाऱ्याचा साठा असतो. पिंजराच्या व्हळ्या रचून, वरून शाकारून ठेवतात, कारण भिजलेल्या पिंजराला बुरशी येते आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. उघड्यावर उभे राहिलेले गवत मार्चच्या पावसाने काळे पडते, त्यातला कस जातो. एप्रिलमध्ये खानापूर-चंदगडच्या डोंगरांत वणवा लागला तर उरलेलेही जाते.

चाऱ्याच्या टंचाईत माणूस मिळेल ते जनावरापुढे टाकतो. नुसत्या वाड्यावर जनावर ठेवले तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे शरीरातले कॅल्शियम कमी होते आणि दूध घटते. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी त्याहून धोक्याची. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि जनावर दगावू शकते. मेच्या वळवानंतर माळावर दिसणारी हिरवळही फसवी असते. गवताने मूळ धरण्याआधीच जनावरे सोडली की ते उपटून येते आणि पुढे पावसाळाभर तो माळ उघडा राहतो. कोवळ्या पाल्याने जनावराला हगवण लागते ती वेगळीच. गायरानात जनावरे कधी सोडायची याचे ठराव पूर्वी गावे करीत. गायराने आक्रसली तसे ते ठराव गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही गेली.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुने ते सारे अचूक, असे माझे म्हणणे नाही. आपली पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवर मोजली जातात. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. मृग साधारण ७-८ जूनला लागतो. पण नक्षत्रांची ही गणना ऋतूंच्या मानाने दर ७२ वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकते. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा मृग आजच्यापेक्षा आठवडाभर आधी लागत होता. ज्या पिढ्यांनी 'मृगात पेर' असे ठरवले, त्यांचा मृग आणि आपला मृग ऋतूच्या दृष्टीने एक नाही. त्यात आता समुद्र आणि हवा तापत असल्याने पावसाचे वागणेच बदलते आहे. म्हणून नक्षत्र हे भाकीत म्हणून वापरू नये. स्मरणाची खूण म्हणून मात्र ते अजून उपयोगी आहे. 'आर्द्रात उगवण झाली, पुनर्वसूत ताण पडला' असे सांगणारा शेतकरी पंधरवड्याच्या अचूकतेने वर्षाची नोंद सांगत असतो.

आणि ही नोंद एकट्या मराठीची नाही. कानडी शेतकरीही रोहिणी, मिरग अशीच नावे घेतो. आपण खरीप आणि रब्बी म्हणतो, तो मुंगारू आणि हिंगारू म्हणतो. आमची पेरणीची 'कुरी' आणि कानडीतली 'कूरिगे' यांचे नाते तर सांगायलाही नको. वर महाराष्ट्रात गेलो की तिथे पाभर आणि तिफण भेटतात. कृष्णा उन्हाळ्यात आटली की कोयनेतून, वारणेतून पाणी सोडा अशी विनंती कर्नाटक महाराष्ट्राला करते. नदीला, ढगाला आणि हुमणीला सीमा ठाऊक नाही. आमच्या मराठी शेतकऱ्याला मात्र सरकारी सल्ला कानडीत मिळतो आणि टीव्हीवरचे हवामान पुण्या-मुंबईच्या मराठीत. त्याची स्वतःची बोली या दोन्हींच्या मधे पडते, कोणीच ती लिहून घेत नाही.

म्हणून अकादमीपुढे माझी एक सूचना आहे. सीमाभागातील शेती आणि हवामानाच्या शब्दांचा एक संग्रह करावा. त्यात नुसते अर्थ नकोत. शब्द कोणत्या गावात मिळाला, कोणत्या पिकाबद्दल, कोणत्या महिन्यात वापरतात, कानडीत त्याला काय म्हणतात आणि तो ऐकून शेतकरी कोणते काम करतो, एवढे प्रत्येक नोंदीत असावे. हे काम महाविद्यालयांतल्या मुलांकडून करून घेता येईल. वही आणि पेन पुरते. घाई मात्र आहे. ज्यांनी बैलाच्या औताने पेरणी केली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

असा संग्रह कृषी खात्याच्या आणि हवामान केंद्राच्या माणसांच्या हाती पडला, तर उद्याच्या सल्ल्यात 'हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता' याच्या जोडीला 'वाफसा येईपर्यंत थांबा' असे एक वाक्य येईल. आमच्या शेतकऱ्याला ते वाक्य पहिल्यांदा ऐकूनच समजेल, आणि त्याचे एक पोते बी वाचेल.