हिशेबाची वही कुणाच्या हातात?

(हरसूल येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)

अध्यक्ष महाराज, आणि पाळी संपवून, मिळेल ती एस.टी. पकडून इथवर आलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

मी पुढारी नाही. चौथीपर्यंत शिकलेला, सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभा राहणारा कामगार आहे. युनियनचं काम करतो म्हणून मला बोलायला उभं केलं आहे, आणि विषय दिला आहे भला मोठा: साम्यवाद चालतो की भांडवलशाही चालते?

हा वाद आपल्याला नवा नाही. चहाच्या सुट्टीत तो रोज होतो. एक म्हणतो, "रशिया १९९१ साली कोसळला, तुझ्या लाल बावट्याचं संपलं!" दुसरा म्हणतो, "शेठजींच्या राज्यात तुला काय मिळालं? कंत्राटी हजेरी!" दोघांचाही चहा निवतो, भोंगा होतो, आणि दोघंही एकाच ठेकेदारापुढं मान खाली घालून उभे राहतात. ठेकेदार खूष! म्हणून आज हा वाद नीट, दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून करू या.

आधी भांडवलशाहीचं देणं मान्य करू. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत ताडदेवला गिरणी काढायची कंपनी उभी केली, आणि पुढं गिरणगाव वसलं. कोकणातला, घाटावरचा भुकेला माणूस तिथं आला, त्याला रोख पगार मिळाला, आणि त्या मनिऑर्डरीवर गावाकडची चूल पेटली. हे खोटं कसं म्हणावं? पण त्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम होतं. रविवारची सुट्टीसुद्धा मालकानं आपणहून दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगार जमवले, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा १८९० साली ती मिळाली. लोखंडे जोतीरावांचे सत्यशोधक अनुयायी. साम्यवादी नव्हेत आणि भांडवलदारही नव्हेत.

आता साम्यवादाचं देणं. रशियात १९१७ साली क्रांती झाली आणि चारच दिवसांत आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. त्या बातमीनं जगभरच्या कामगाराची छाती फुगली. इतक्या लांब कशाला जाता? इथून डोंगर उतरून गेलं की तलासरी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. सावकार-जमीनदाराची वेठ करणार नाही, असं त्या दिवशी ठरलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी ताठ उभा राहिला. हे लाल बावट्याचं काम आहे. ते नाकारणारा माणूस या डोंगराशी बेइमान होईल.

पण मंडळी, देणं सांगितलं तसं घेणंही सांगितलं पाहिजे.

बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिच्यात कपडे शिवायचे पाच कारखाने. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना तडे गेले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. पण दुसऱ्या दिवशी शिलाई कामगारांना धमकावून आत घातलं, कारण परदेशी माल वेळेवर जायचा होता. इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, आणि त्यात बहुतेक आपल्या बहिणी! तडे त्यांनाही दिसले होते. पण "आत जाणार नाही" असं एका आवाजात म्हणायला त्या कारखान्यांत युनियन नव्हती.

ही झाली भांडवलशाही. आता पलीकडं चला. सोव्हिएत रशियात नोव्होचेर्कास्क हे कामगारांचं शहर. १ जून १९६२ रोजी सरकारनं मांस आणि लोण्याचे भाव वाढवले, आणि त्याच सुमारास रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात कामाचा बोजा वाढवून हातात पडणारा पगार कमी केला. कामगार लाल झेंडे आणि लेनिनची चित्रं घेऊन मोर्च्यानं निघाले. २ जूनला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २६ माणसं मेली. प्रेतं गुपचूप लांब पुरली, आणि कितीतरी वर्षं त्या गोष्टीचा ब्र काढायला बंदी होती. कामगारांचं राज्य, आणि कामगारावरच गोळी!

आता एक खरा जोडहिशेब ऐका. पोलंडमध्ये ग्दान्स्क नावाचं बंदर आहे. तिथल्या जहाज कारखान्याला लेनिनचं नाव होतं. कारखाना सरकारचा, सरकार साम्यवादी पक्षाचं. ऑगस्ट १९८० मध्ये आन्ना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईला निवृत्तीला पाच महिने उरले असताना कामावरून काढलं, कारण ती कामगारांच्या बाजूनं तोंड उघडायची. कारखाना बंद पडला. कामगारांनी २१ मागण्या लिहिल्या. पहिली मागणी पगाराची नव्हती. पहिली मागणी होती: पक्षाच्या आणि मालकाच्या ताब्यात नसलेली, आमची स्वतःची युनियन! ती मिळाली, आणि तिचे सभासद एक कोटीच्या घरात गेले. मग १३ डिसेंबर १९८१ रोजी सरकारनं लष्करी कायदा पुकारला आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं.

त्यानंतर ३६ दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागं उभे राहिले. मागण्या पगाराच्या, बदली कामगाराला कायम करण्याच्या. पण मुळाशी गाठ होती ती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची. त्या कायद्यानं एका धंद्यात बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. अडीच लाख माणसं एका बाजूला, आणि कायद्याच्या कागदावर त्यांच्या वतीनं बोलणारे दुसरेच!

बघा बरं. तिकडं साम्यवाद, इकडं भांडवलशाही. दोन्हीकडं कामगार एकच म्हणत होता: माझ्या वतीनं कोण बोलणार ते मी ठरवीन. आणि दोन्हीकडं वरचा माणूस एकच म्हणाला: ते आम्ही ठरवलेलं आहे.

पुढं काय झालं? पोलंडमध्ये १९८९ साली निवडणूक झाली, साम्यवादी पक्ष हरला. कामगारांचा विजय! पण मग बाजाराचं राज्य आलं, आणि ज्या जहाज कारखान्यातून सगळं सुरू झालं त्याचं १९९६ साली दिवाळं निघालं. इकडं १९८३ साली सरकारनं मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. वाटलं, शेठजी गेला, आता सरकार आपलं. पण खाजगी गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तसे सरकारी गिरण्यांचेही झाले. जमिनीचं तर विचारूच नका. १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचा विकास करताना एक वाटा शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना आणि एक मालकाला, असं ठरलं होतं. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचीच करायची झाली, आणि पहिले दोन वाटे आकसले. चिमण्या पाडून मॉल उभे राहिले. खाजगी असो की सरकारी, जमिनीचा हिशेब होताना कामगार दाराबाहेरच होता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वादाच्या नावावरून पोट भरत नाही. कुठलाही वाद चालतो की नाही हे बघायला तीन प्रश्न विचारा. एक, हिशेबाची वही मला बघता येते का? दोन, माझ्या वतीनं बोलणारा मी निवडतो का? तीन, तो फिरला तर मला त्याला खाली ओढता येतं का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तिथं कामगाराला काही मिळालं आहे, मग झेंडा कुठलाही असो. "नाही" असेल तिथं शेठजी आणि साहेब एकाच ताटात जेवतात.

कुणी म्हणेल, पुस्तकी बोलतो. मग मी जिथं काम करतो तिथलंच सांगतो. गिरणीचं नाव घेत नाही. तिथं ठेकेदार दर महिन्याला आमच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापायचा. एका पोरानं मोबाईलवर पासबुक काढलं, तर सात महिने एक पैसा भरलेला नाही! त्या दिवशी लाल बावट्यावाला आणि शेठजींची बाजू घेणारा, दोघंही एकाच खिडकीपाशी उभे राहिले. अर्ज दिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पैसे भरायला लावले. तिथं मार्क्स कुणी काढला नाही आणि टाटाही काढला नाही. वही उघडली, एवढंच.

चीनचा शेतकरीही हेच सांगतो. १९५८ नंतर तिथं सामुदायिक शेतीच्या नावाखाली वरून हुकूम सुटले, खोटे आकडे वर गेले, धान्य उचललं गेलं, आणि कोट्यवधी माणसं उपाशी मेली. १९७८ साली श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी जीव मुठीत धरून चोरून करार केला, अंगठे उठवले आणि जमीन घरटी वाटून घेतली. पीक भरघोस आलं, आणि पुढं सरकारनंही तीच वाट धरली. आज त्या देशात मोठमोठे कारखानदार आहेत, पण कामगाराला स्वतःची युनियन अजून काढता येत नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं थोडं सुटलं, पुढचे दोन तसेच राहिले.

आणि जर्मनी बघा. तो भांडवलशाही देश. १९७६ च्या कायद्यानं दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. बरोबरी झाली तर जादा मत भागधारकांच्या बाजूच्या अध्यक्षाचं, हे खरं. तरी वही समोर ठेवावी लागते!

आपल्या हरसूल-पेठ-सुरगाण्याचंच घ्या. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, दाव्याचं पहिलं काम ग्रामसभेचं. नागली-वरईचं वावर कोण कसतो हे कचेरीतल्या साहेबापेक्षा गावाला जास्त ठाऊक! पण कायदा कागदावर राहिला, म्हणून ६ मार्च २०१८ ला नाशिकहून हजारो शेतकरी, आदिवासी माय-बाप पायी निघाले, आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत पोचले. परीक्षेला बसलेल्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. लेखी आश्वासन मिळालं. तरी २०१९ ला आणि २०२३ ला पुन्हा निघावं लागलं. का? आश्वासन मिळालं की वही मिटली, असं आपण समजतो. वरचे लोक त्याचीच वाट बघत असतात.

आता तुम्ही विचाराल, "मग तू कुठल्या रंगाचा? मधला?" नाही. मधे उभा राहणारा माणूस कुणाच्याच कामाचा नाही. मी कामगाराच्या बाजूचा आहे, आणि जो वाद या तीन प्रश्नांना भितो त्याच्या विरुद्ध आहे. १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा कॉम्रेड डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, आचार्य अत्रे आणि आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड एका मांडवात आले. त्यांचे वाद मिटले होते का? मुळीच नाही. पण मागणी एक होती. १०६ हुतात्म्यांच्या रक्तानं, त्यात गिरणी कामगारही होते, १ मे १९६० ला राज्य मिळालं. पुढं वाद वर आले आणि समिती फुटली, हेही विसरू नका.

तेव्हा भांडा, जरूर भांडा. पण चहा निवू देऊ नका. उद्या कामावर गेलात की आपापलं पासबुक काढा. युनियनच्या सभेत वर्गणीचा हिशेब मोठ्यानं वाचायला लावा, आणि सुरुवात माझ्यापासून करा. गावी ग्रामसभेची नोटीस लागली की घरातल्या बाईमाणसासकट जाऊन बसा. एवढं केलंत, तर कुठला वाद चालतो ते तुम्हाला कुणी परकं येऊन सांगायची गरज उरणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!