पावसाळा, मोटार आणि विमा

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली, मृत्यू आला किंवा मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई या विम्यातून होते; मालकाच्या स्वतःच्या गाडीसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ हा वेगळा भाग असतो. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. ‘विमा तीन वर्षांचा आहे’ या समजुतीत दुसऱ्या वर्षी हा भाग संपून गेल्याचे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा पाहाव्यात.

पुराचे नुकसान ओन डॅमेजमध्ये धरले जाते. सोसायटीच्या तळघरात उभ्या गाडीत पाणी शिरले, तर गाद्या, वायरिंग वगैरेंचा दावा करता येतो. खरी अडचण इंजिनाची. तुंबलेल्या सबवेत गाडी बंद पडते, चालक घाबरून पुन्हापुन्हा सेल्फ मारतो. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ही हानी पुरामुळे नव्हे, तर गाडी चालू करण्याच्या प्रयत्नामुळे झाली, असे म्हणून कंपन्या सहसा दावा नाकारतात. इंजिन प्रोटेक्शनची जोड घेतलेली असेल तर हा खर्च तिच्या अटींनुसार मिळू शकतो. सखल भागात राहणाऱ्याने वाढीव हप्ता वाचवण्यासाठी ती टाळू नये.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नये. माणसांनी आधी सुरक्षित जागी जावे, शक्य असल्यास फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि गाडी टो करून गॅरेजला न्यावी. सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्ती सुरू करू नये.

किरकोळ नुकसानीचा दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. दावा न केल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर 20 टक्के आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के सवलत मिळते. हा हप्ता 10,000 रुपये असेल, तर 50 टक्क्यांवर पोचलेल्याचे वर्षाला 5,000 रुपये वाचतात. बंपरच्या 3,000 रुपयांसाठी दावा केला, तर सहसा पुढच्या नूतनीकरणात ही सवलत शून्यावर येते. सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकल्यावर ती नव्या गाडीसाठी वापरता येते. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर मात्र ती जाते.

रस्त्यावरची काळजी टायरपासून सुरू होते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलावाच. त्याखाली खाचांतून पाणी पुरेसे बाहेर पडत नाही आणि वेगात चाक पाण्यावर तरंगू लागते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते, ओल्या डांबरावर त्याहूनही अधिक. घाटात धो धो पाऊस लागला की चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय धोक्याची आहे. पुढची गाडी वळते आहे की थांबली आहे, हे मागच्याला कळत नाही. अशा वेळी हेडलाइटचा खालचा झोत लावावा आणि अंतर वाढवावे.