ठिपका आणि बीट



महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. तो तोंडावर असताना ही परिषद भरली आहे. आज उपग्रहांचं कौतुक मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण मला गाऱ्हाणं मांडायचं आहे आणि ते आपल्याच कारभाराबद्दल आहे.

कौतुक मात्र मनापासूनचं. उन्हानं तापलेल्या जमिनीतून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा जोर १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो, तर आगीच्या ऊर्जेचा ३ ते ४ मायक्रोमीटरला. मॅटसन आणि डोझियर यांनी १९८१ साली हवामान-उपग्रहांच्या चित्रांमध्ये हा फरक वापरून दाखवला. पिक्सेलचा अगदी लहानसा तुकडा पेटला असला तरी आग ओळखता येते. पातेलंभर आमटीत एक लवंगी मिरची पडली तरी घास तिखट लागतोच ना! टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचं मोडिस, सुओमी एनपीपीवरचं व्हिअर्स ही उपकरणं याच तत्त्वावर चालतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून आगीचे बिंदू देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे जातात. तिथे ते वनहद्दींशी ताडून पाहतात आणि नोंदणी केलेल्यांच्या मोबाइलवर इशारा पोहोचतो. २००४ पासून चालत आलेली ही व्यवस्था आता बीटपर्यंत, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीपर्यंत, उतरली आहे. आपल्या वनखात्याला अशी सोय आहे, हे मी अभिमानानं सांगतो.

पुढचं जरा बीटमध्ये जाऊन पाहू. संदेशात अक्षांश-रेखांश आहेत, परिक्षेत्र आहे, कक्ष क्रमांक आहे. वनरक्षकाला तो दिसतो डोंगराच्या माथ्यावर रेंज आल्यावर. आता तो बिंदू म्हणजे आगीची जागा नव्हे, तो पिक्सेलचा मध्य. व्हिअर्सचा पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. मोडिसचा एक किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टर, आणि तोही उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर. चित्राच्या कडेला तो कितीतरी पसरतो. एवढ्या रानात वाऱ्याचा रोख पाहायचा, धुराचा वास घ्यायचा, ब्लोअर पाठीवर घेऊन पाचोळा बाजूला सारत जाळरेषा काढायची. आपल्याकडची आग बहुतेक वेळा शेंड्याला लागत नाही, ती जमिनीवरच्या पाचोळ्यातून घोट्याएवढ्या उंचीनं सरकते. मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जागा जाळून साफ केलेली असते, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून काडी ओढलेली असते. सह्याद्रीत गवत चांगलं येतं या समजुतीनं डोंगर पेटवतात. वरून हे सगळं एकाच लाल ठिपक्यात दिसतं. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तोही त्याच ठिपक्यात जाऊ शकतो. कोळसा खाणीतली आग, पोलादाची भट्टी, पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन यांनीही यंत्र फसतं. चाळण्या असतात, पण चाळणीतून थोडं सुटतंच.

आणि या ठिपक्यांची आपण बेरीज करतो! व्हिअर्सची भर पडल्यावर आकडे फुगले, कारण त्याला लहान आगी दिसतात आणि एकाच वणव्याचे अनेक तुकडे मोजले जातात. बातमी मात्र छापून येते, ‘वणवे वाढले’. आता टेरा आणि ॲक्वाचं इंधन राखून ठेवावं लागत असल्यानं त्यांच्या फेरीची वेळही हळूहळू सरकू लागली आहे. वीस वर्षांपूर्वीच्या टेराच्या सकाळी साडेदहाच्या चित्राशी आजच्या चित्राची तुलना करताना हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळेचा मुद्दा पंजाबनं चांगलाच शिकवला. उपग्रहाच्या दुपारी दीडच्या सुमाराच्या फेरीत परालीच्या, म्हणजे भातकापणीनंतर शेतात उरलेल्या खुंटांच्या, आगी घटल्या म्हणून समाधान व्यक्त झालं. पण २०२४ च्या हंगामात भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांकडे पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना दिवस कलतानाही धूर उठताना दिसला. आपल्या इन्सॅट-३डीआर या भूस्थिर उपग्रहाचं औष्णिक चित्र अर्ध्या तासाला मिळतं, पण तिथे पिक्सेल चार किलोमीटरचा. म्हणजे जवळून पाहायचं तर सतत पाहता येत नाही, आणि सतत पाहायचं तर जवळून दिसत नाही. या कोंडीतून वाट काढण्यासाठी लहान उपग्रहांचे ताफे सोडण्याची धडपड आता परदेशात सुरू आहे. त्याचं स्वागतच आहे. मात्र तोपर्यंत आहे त्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्त सुधारणा कोणती, याचं उत्तर माझ्या मते बीटमध्येच आहे.

इशारा आला की वनरक्षकानं उलट उत्तर धाडायचं: आग होती का, कुठे होती, कशानं लागली, किती जळलं. या उत्तरांशिवाय यंत्राची खोटी हाक कधी आणि खरी कधी, हे कळणार कसं? चाळण्या सुधारायच्या त्या कशाच्या जोरावर? २०१९ मध्ये बंडीपूर पेटलं, २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात हेलिकॉप्टरनं पाणी ओतावं लागलं; अशा मोठ्या वणव्यांची चर्चा आपण सगळेच करतो. अर्ध्या हेक्टरच्या आगीची मात्र साधी नोंदसुद्धा परत फिरत नाही. दोष मी वनरक्षकाला देणार नाही. त्याच्या हद्दीत आग लागली की जाब त्यालाच विचारतात; मग खरं लिहून तो स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेईल? ज्या नोंदीमुळे माणूस अडचणीत येतो ती नोंद खरी येत नाही, हे आपण कागदावरचे लोक विसरतो.

वनरक्षकाच्या या उत्तरासाठीच दुपारच्या सत्रात पडताळणीच्या अर्जाचा मसुदा चर्चेला आहे. माझ्या तीन मागण्या आहेत. अर्ज मराठीत हवा आणि रेंज नसतानाही भरता यायला हवा. ‘आग सापडली नाही’ हा रकाना सर्वांत वर हवा. आणि भरलेला अर्ज वनरक्षकाच्या गोपनीय अहवालाला जोडू नये, असं लेखी परिपत्रक हवं. पहिल्या दोन मान्य होतील याची मला खात्री आहे. तिसरीवर भांडण होईल, म्हणून त्या सत्राला मी स्वतः बसणार आहे.