डबी उलटी करून बघा
(वणी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी माझ्या आईच्या कपाळापासून सुरुवात करते. चिकटणाऱ्या टिकल्या मिळू लागल्या तेव्हा आईने कुंकू सोडलं. घामाने ओघळत नाही, कामाच्या घाईत सोयीचं. काही वर्षांत टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला. ‘कोड आलं’ अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. डाग झाकायला आई आणखी मोठी टिकली लावू लागली आणि डाग पसरत गेला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. त्याने त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मरतात. दोष गोंदाचा होता, बोल मात्र आईच्या रक्ताला लागला.

दुसरी गोष्ट अकोल्याची. एक कॉलेजातली मुलगी, तिची आई आणि बहीण ब्यूटी पार्लरमधून घेतलेलं गोरं होण्याचं क्रीम लावत होत्या. २०२२ साली तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं आढळलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पाऱ्याने त्वचेत रंग तयार होणं थांबतं, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा अंगात मुरतो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालायला कायद्याने बंदी आहे. त्या तिघींना आपण नावं ठेवायची का? काळ्या मुलीला नाकारणारं स्थळ आधी येतं, क्रीम मागाहून येतं.

आता मुलांकडे वळू. बाळाला तीट, काजळ, शेंदूर आपण मायेनेच लावतो. पण खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. गडावरच्या भक्तीबद्दल मी काही म्हणत नाही. बाळ मात्र कपाळाचा हात तोंडात घालतं, आणि शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. तेव्हा शेंदूर देवीच्या पायाशी राहू द्या, बाळाला लावू नका. ‘पूर्वापार’ किंवा ‘नैसर्गिक’ म्हटलं म्हणजे निर्धोक होत नाही.

मोठ्या कंपनीचा माल घेतला की निश्चिंत, असंही नाही. आपल्या नाशिकमधून आणि पुण्यातून जॉन्सनच्या बेबी पावडरचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने घेतले होते. ते प्रमाणात नाहीत असं ठरवून २०२२ साली पावडरचा परवाना रद्द झाला. कोर्टाने पुन्हा तपासणी करवली, त्यात नमुने योग्य निघाले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाचे आदेश रद्द केले. २०१८ साली घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीला उशीर केल्याबद्दल प्रशासनाला खडे बोलही सुनावले. कोण बरोबर, कोण चूक, ते बाजूला ठेवा. इतकी वर्षं पावडर लावणाऱ्या आयांनी कोणाच्या भरवशावर राहायचं?

तुमच्यापैकी कितीतरी जणी द्राक्षबागेत कामाला जातात. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष, हे तुम्हाला माहीत आहे. युरोपला जाणारी द्राक्षं आधी प्रयोगशाळेत तपासली जातात. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या पोटाची एवढी काळजी, मग आपल्या कपाळाची, आपल्या लेकरांच्या अंगाची का नको?

म्हणून डबी उलटी करून बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटक, एवढं छापलेलं हवं. बिनलेबलाचं क्रीम फुकट मिळालं तरी नको. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. पावती मागा. खाज आली, डाग पडला तर वापर थांबवा, डबी जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे आपण विकत घेतलेली वस्तू फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते, अहवालही मिळतो. एकटीला हे जड जाईल. पण गटातल्या सगळ्याजणींनी थोडे थोडे पैसे काढले तर? आपल्या बाजारात विकलं जाणारं एक बिनलेबलाचं क्रीम निवडू या आणि अर्ज करू या.

माझ्या आईने डाग एकटीने झाकला. आपण तसं करायचं नाही.