धुराला भाव



आपल्या खानदेशातली कितीतरी माणसे पोटासाठी सुरतेला जातात. तिथे कापड रंगवण्याच्या गिरण्या आहेत. त्यांना वाफ लागते. वाफेसाठी कोळसा जळतो. मग धुराड्यातून धूर निघतो नि त्यातली बारीक राख आपल्या छातीत जाते.

मालक कोळशाचे पैसे देतो, मजुरी देतो. धुराचे पैसे मात्र देत नाही. मग ते कोण देते? खोकणारा माणूस देतो. औषधापायी देतो, बुडालेल्या खाड्यापायी देतो.

मग गिरण्या बंद कराव्या का? तसे केले तर आपली चूलही बंद पडेल. छाती राखावी की भाकरी? दोन्ही राखायला हव्यात.

जुन्या कायद्यात प्रत्येक धुराड्याला सारखीच मर्यादा होती. तपासनीस कधीतरी येई. मधल्या दिवसांचा धूर कोण मोजणार?

२०१९ साली गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत नवी रीत काढली. धुराड्यांत राख मोजणारी यंत्रे बसवली. सर्व गिरण्यांनी मिळून किती राख सोडायची ते ठरवले. तेवढेच परवाने काढले. बरेचसे फुकट वाटले, थोडे लिलावात विकले.

आता पहा. एका गिरणीला धूर गाळणे स्वस्त पडते. ती जास्त गाळते आणि उरलेले परवाने विकते. दुसरीला गाळणे महाग पडते. ती परवाने विकत घेते. परवान्याहून जास्त राख सोडली, तर दंड होतो. म्हणजे धूर सोडला की पैसे जातात नि धूर गाळला की पैसे वाचतात.

ही रीत पारखायची कशी? सुमारे ३०० गिरण्या होत्या. चिठ्ठ्या टाकून निम्म्या नव्या रीतीत घेतल्या, बाकीच्या जुन्या रीतीत ठेवल्या. नव्या रीतीतल्या गिरण्यांची राख २० ते ३० टक्के कमी झाली.

पण हा हिशेब एकूण राखेचा आहे. परवाने घेणारी गिरणी वस्तीला लागून असेल, तर त्या वस्तीचा त्रास उरतोच. शिवाय पृथ्वी तापवणारा वायू राखेच्या गाळणीत अडकत नाही. त्याचे परवाने वेगळे काढावे लागतात. युरोपात २००५ पासून तसे परवाने आहेत.

आपण बाजारात धान्य घेतो, तेव्हा आधी माप पाहतो. इथेही तसेच आहे. माप खोटे, तर सारा व्यवहार खोटा. म्हणून धुराडे दिसले की आपण दोन प्रश्न विचारू या. याचा धूर कोण मोजतो? आणि त्याची किंमत कोण देतो?