वियोग, श्रद्धा आणि प्रकृती : वऱ्हाडाच्या संदर्भात

जोडीदाराच्या मृत्यूने मागे राहिलेल्याचे शरीरही खचते. इंग्लंड-वेल्समधील ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा जो अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या सहा महिन्यांत त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळला आणि त्या मृत्यूंचे एक मोठे कारण हृदयविकार हे होते. अमरावती-अकोल्याकडील गावांत मात्र घरातली वर्दळ तेरवीलाच ओसरते. तोवर भाऊबंद जेवण आणतात, रात्री कोणी ना कोणी सोबतीला निजते आणि बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला वस्ती जमते. अन्न, झोप आणि सोबत या तीन गोष्टी विधींमुळे आपोआप साधतात, हा त्यांचा आरोग्यदृष्ट्या सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

श्रद्धा स्वतःही काही काम करते काय? लंडनमध्ये मरणासन्न रुग्णांच्या १३५ आप्तेष्टांच्या २००२ च्या अभ्यासात, ज्यांची आध्यात्मिक धारणा दृढ होती, मग ती कोणत्या धर्माशी जोडलेली असो वा नसो, त्यांचे दुःख चौदा महिन्यांत क्रमाने निवळले, तर अशी धारणा नसलेल्यांचे तितके निवळले नाही. परंतु श्रद्धेच्या बळाइतकाच तिचा आशयही महत्त्वाचा असतो. देव पाठीशी आहे असे मानणे आणि देवाने शिक्षा दिली असे मानणे यांत मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी भेद केला असून, दुसऱ्या धारणेला, म्हणजे ‘नकारात्मक धार्मिक सामोरेपणा’ला, त्यांनी प्रकृतीस घातक ठरवले आहे. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला जेव्हा ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले जाते, तेव्हा हीच घातक धारणा समाज तिच्यावर लादत असतो, आणि हा निव्वळ अन्याय आहे. श्रद्धेच्या नावाने येणारा दुसरा भार कर्जाचा; संत गाडगेबाबांनी ऋण काढून सण आणि दिवस करण्याला कीर्तनांतून कडाडून विरोध केला. भक्ती सोडली नाही, भार तेवढा काढला.

दुःखाचे नैराश्य झाले, तर गाव काय करू शकते? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावर काम केले, तेव्हा उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावची भाषा आणि गावच्या समजुती जाणणारा माणूस दारी येणे, हे त्या कामाचे मर्म होय.

गाव सोडून परदेशी गेलेल्या कुटुंबांत तर अंत्यविधी पडद्यावर पाहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते, म्हणजे तेरा दिवसांची सोबतही लाभत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘प्रदीर्घ शोकविकार’ ठरवताना किमान सहा महिन्यांच्या मुदतीबरोबर त्या व्यक्तीच्या धर्म-संस्कृतीतील रीतही पाहावी असे म्हटले आहे. त्यामुळे वर्षश्राद्धापर्यंत घरात काय पाळले जाते, हे तेथील डॉक्टरांना कुटुंबानेच सांगणे आवश्यक ठरते.